वाण आणि गुण

जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोट, दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याच्या कोणत्याही कृषी केंद्रात उभं राहिलं की एकच प्रश्न कानावर येतो: "भाऊ, यंदा कोनती बीटी?" कपाशी हा शब्द क्वचित ऐकू येतो, पऱ्हाटी त्याहून कमी. पेरणीआधीच सगळ्या पिकाची ओळख या दोन अक्षरांत मावते. बीटी लावली, बीटी बसली, बीटी गेली. वऱ्हाडच्या बोलीत या शतकात आलेल्या शब्दांपैकी इतका खोल रुजलेला दुसरा शब्द मला दिसत नाही. म्हणूनच त्याची नीट चौकशी करावीशी वाटते.

बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं आखूड रूप आहे: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बॅसिलस म्हणजे लॅटिनमध्ये बारकी काठी, आणि थुरिंजिया हा जर्मनीतला प्रांत. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशमाचे किडे मारणारा एक जिवाणू सापडला. पुढे १९११ साली बर्लिनर यांनी थुरिंजियातल्या पिठाच्या पतंगाच्या अळ्यांमध्ये त्याची नव्याने नोंद केली आणि प्रांताचं नाव जिवाणूला चिकटलं. अकोटचा शेतकरी "बीटी" म्हणतो तेव्हा त्यातली 'टी' जर्मनीतल्या त्या प्रांताची असते. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो, आणि स्फटिकाला इंग्रजीत क्रिस्टल म्हणतात, म्हणून त्या प्रथिनांना 'क्राय' असं नाव मिळालं. अळीच्या पोटातला रस आम्लधर्मी नसतो, अल्कधर्मी असतो. त्या रसात स्फटिक विरघळतो, प्रथिन आतड्याच्या पेशींना जाऊन चिकटतं, भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या किंवा बैलाच्या पोटात ते प्रथिन चिकटायला तशी जागाच नसते.

आता खरी गोम अशी, की बीटी हा गुण आहे, वाण नव्हे. आपल्या भाषेने हा भेद फार जुन्या काळी करून ठेवला आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या म्हणीतला वाण म्हणजे संस्कृत 'वर्ण'. वर्णाचे अर्थ दोन, रंग आणि प्रकार, आणि मराठीतल्या वाणाने दोन्ही उचलले. गोठ्यात वाण म्हणजे बैलाचा रंग, शेतात वाण म्हणजे पिकाची जात. (संक्रांतीला लुटतात ते वाण वेगळं, ते वायनावरून आलेलं. किराण्याचं वाणसामानही निराळं, ते वाण्याचं. तिघांचा उच्चार एक झाला म्हणून त्यांना भाऊ मानू नये.) म्हणीचं म्हणणं सरळ आहे: जे जन्माने येतं ते वाण, आणि सोबतीने लागतं तो गुण.

वऱ्हाडात कापसाचे वाण नावाने ओळखले जात. बनी हा तलम धाग्याचा, जरी हा जाडाभरडा पण काटक आणि लवकर हाती येणारा. जुन्या गॅझेटिअरांत जरीने बनीला मागे टाकल्याची नोंद आहे. पीक जास्त आणि मुदत कमी, एवढं त्याला पुरे होतं. नंतर रोझियम आला, व्हेरम आला. तिकडे लिव्हरपूलच्या बाजारात तर या सगळ्या मुलखाच्या कापसाला 'ऊमरा' असंच नाव पडलं होतं. इंग्रजांच्या कागदांत अमरावती 'ऊमरावती' अशी लिहिली जाई, आणि गाठींवर तिचा अर्धा तुकडा उरला. अमरावतीचं जुनं नाव उदुंबरावती, उंबरांची नगरी, असं परंपरेने सांगतात. ते खरं मानलं तर त्या गाठींवर उंबराचं झाड इंग्लंडपर्यंत गेलं. पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांना 'एकेए', 'एकेएच' अशी अक्षरं लागली. त्यातले 'एके' अकोल्याचे. शेवटचा 'ए' गॉसिपियम आर्बोरियम या देशी कापसाचा, 'एच' हिर्सुटम या अमेरिकन कापसाचा. नावं रूक्ष झाली तरी त्यांत गाव होतं आणि कूळ होतं.

गुण या शब्दाची कहाणी याहून खोल आहे. संस्कृतात गुण म्हणजे आधी दोरीचा पदर, धनुष्याची दोरी. द्विगुण म्हणजे दोन पदरी, त्रिगुण म्हणजे तीन पदरी. पदर मोजता मोजता गुणाकार आला आणि वस्तू ज्या पदरांनी विणलेली असते तो तिचा स्वभाव, म्हणून गुण. सूत्र म्हणजे सूत. व्युत्पत्तिकार त्याला शिवण्याच्या धातूशी जोडतात, सुई त्याच घरातली. तेव्हा गुणसूत्र हा शब्द उसवून पाहिला तर आत दोरा आणि दोराच निघतो. इंग्रजीतल्या क्रोमोसोमची गोष्ट उलटी. १८८८ साली वाल्डेयर यांनी ते नाव दिलं, कारण रंग टाकल्यावर पेशीतले हे तुकडे झगझगीत दिसत. क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे शरीर. म्हणजे ग्रीक शब्दाने वाण पकडला आणि मराठी शब्दाने गुण. दोन्ही भाषा एकाच वस्तूकडे पाहत होत्या, आणि आपली म्हण त्या दोघींच्या मधोमध उभी आहे.

देशी कापसाच्या पेशीत अशी २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसात ५२. प्रत्येकात डीएनएचा एक लांबलचक दुपदरी पीळ. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्या पिळाची रचना मांडली. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांनी घेतलेली क्ष-किरण छायाचित्रं होती. जुन्या अर्थाने पाहिलं तर डीएनए अक्षरशः द्विगुण आहे. दोन पदरांमध्ये चार रासायनिक अक्षरं जोडीजोडीने बसलेली असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी, म्हणून एक पदर पाहून दुसरा नव्याने विणता येतो. तीन अक्षरांचा एक शब्द एका अमिनो आम्लाची खूण, अशा शब्दांची एक ओळ म्हणजे एका प्रथिनाची कृती. ती ओळ म्हणजे जनुक.

जनुक हा मला मराठीने घडवलेल्या शास्त्रीय शब्दांतला सर्वांत देखणा शब्द वाटतो. १९०९ साली डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी ग्रीक मुळावरून 'जीन' हा शब्द केला. त्या ग्रीक मुळाची संस्कृत बहीण म्हणजे जन् धातू, ज्यातून जन्म, जननी, जात असे शेजारीपाजारी आले. हिंदीने जीन तसाच घेतला. मराठीने जन् कडे परत जाऊन जनुक घडवला आणि नाद व नातं दोन्ही राखलं.

वऱ्हाडात जीन घेतला असता तर घोटाळाच झाला असता. इथे जीन म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना. कापूस जिनात जातो, माणसं जिनावर कामाला जातात. पण हा घोटाळाही नात्यातलाच निघतो. कापसाचा 'जिन' हे एंजिनचं तोडलेलं रूप, एंजिनचं मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे जन्मजात बुद्धी, आणि त्याच्या पोटात तोच जन्. अमरावतीच्या जिनातलं यंत्र, प्रयोगशाळेतला जीन आणि आपला जनुक हे तिघे एका आजीची नातवंडं. सरकीतून रुई वेगळी करणारा जिन आणि त्याच सरकीच्या पोटात बसलेला जीन: कापसाच्या मुलखाला हे नातं ठाऊक असावं असं मनापासून वाटतं.

जिवाणूचा गुण पऱ्हाटीत आला कसा? शेतीशास्त्रज्ञांना एक मातीतला जिवाणू माहीत होता, ॲग्रोबॅक्टेरियम. झाडाच्या जखमेतून शिरून तो आपल्या डीएनएचा तुकडा थेट झाडाच्या गुणसूत्रात बसवतो, आणि झाडाला गाठ येते. ही निसर्गाची स्वतःची हातचलाखी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी त्यातला गाठ आणणारा भाग काढला आणि तिथे हवा तो जनुक ठेवला. कापसात हे काम करायला 'कोकर ३१२' हा अमेरिकन वाण बरा पडला, कारण त्याच्या पेशींपासून काचेच्या भांड्यात पूर्ण झाड वाढवता येतं. तो वाण आपल्या काळ्या जमिनीसाठी नव्हता. म्हणून महिको या बियाणे कंपनीने बीटी जनुक आलेल्या रोपांचा संकर भारतीय वाणांशी केला, मग जन्मलेल्या रोपांचा पुन्हा त्याच भारतीय वाणाशी, मग पुन्हा. दर पिढीला कोकरचा वाटा अर्धा होत जातो. असं सहा वेळा केलं की सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक भाग मूळ वाणाचा उरतो, आणि त्यात तो एक परका जनुक. वाण नाही, पण गुण लागला. गोठ्यातल्या म्हणीचा पवळ्या प्रयोगशाळेत शब्दशः खरा झाला, एवढाच फरक की हा गुण आता पुढच्या पिढीत उतरतो.

२६ मार्च २००२ रोजी देशाने या बियाण्याला परवानगी दिली. तीनही वाण महिकोचे होते, मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. पाच वर्षांत ही नावं लोक विसरले आणि 'बीटी' उरली. मला यात खरी हानी दिसते. गुण अळीपासून वाचवतो, आणि तोही काही अळ्यांपासून. बाकी सगळं, म्हणजे मुदत, मूळ किती खोल जातं, हलक्या जमिनीत तग धरतं की नाही, बोंड किती मोठं, हे वाणाचं काम. कोरडवाहू मुरमाड शेतात लांब मुदतीचा वाण लावून पीक बसलं, तर शेतकरी म्हणतो बीटी गेली. भारी जमिनीत चांगलं पिकलं तर म्हणतो बीटी आली. दोन्ही वेळी श्रेय आणि दोष चुकीच्या दारात जातात. अकोल्यात मुख्यालय असलेल्या महाबीज या बियाणे महामंडळाने आणि विद्यापीठाने मिळून पीकेव्ही हायब्रीड-२ या जुन्या वाणात हाच गुण आणला, तेव्हा ते मला भाषेच्या दृष्टीनेही बरोबर वाटलं: आधी वाणाचं नाव, मग गुणाचं.

बीटी कोणत्या वाणात बसली आहे हे न पाहण्याची किंमत गुलाबी बोंडअळीने वसूल केली. ही अळी सरकी खाते, आणि आपल्याकडे बीटी आली ती संकरित रूपात. संकर हा शब्द गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या भीतीचा विषय होता. त्याच शब्दाचं 'संकरित' झालं आणि बियाण्याच्या पाकिटावर तो अभिमानाने मिरवू लागला. (अमेरिकन कापूस स्वतःच संकर आहे. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी देशी कापसाच्या कुळातला एक पूर्वज आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांचा मेळ झाला, म्हणून त्याच्याकडे दुप्पट गुणसूत्रं.) संकरित झाडाला बीटी जनुक बहुधा एकाच पालकाकडून मिळतो. त्याच्या बोंडातल्या सरकीत मेंडेलचा आनुवंशिकतेचा हिशेब लागू होतो, आणि पहिल्या पिढीच्या बीटीत चारपैकी एका दाण्यात विषच नसतं. एका बोंडात काही दाणे विषारी, काही बिनविषारी. अळीला सवय करून घ्यायला याहून चांगली शाळा कोणती? म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं येई. बांधाला ते लावायचं, तिथे साध्या अळ्या वाढू द्यायच्या, म्हणजे पतंग झाल्यावर सहनशील अळ्यांच्या पतंगांशी त्यांचा मेळ होऊन सहनशीलता विरळ राहील. कृषी अधिकारी त्याला आश्रय पीक म्हणत, गावात 'रेफ्युजी' म्हणत, आणि बहुतेक वेळा ते लावलंच जात नसे. २००६ पासून दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली, तरी २०१७ च्या हंगामात विदर्भभर डोमकळ्या दिसल्या: पाकळ्या अळीच्या धाग्याने जखडलेल्या, न उमललेल्या. फुलाचं नाव घेणारा हा शब्द पिकाचा मृत्यू सांगतो.

त्यानंतर आली 'चोर बीटी', तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडाचं एक विकर बंद पाडतं; जिवाणूतून आणलेल्या जनुकाचं विकर त्याला जुमानत नाही, म्हणून तण मरतं आणि पऱ्हाटी उभी राहते. निंदणाला मजूर मिळत नाहीत, त्या गावांत या गुणाची ओढ समजू शकते. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. इथे 'चोर' हा शब्द नीट ऐकायला हवा. चोरकप्पा, चोरवाट, चोरपाऊल, चोरदरवाजा: मराठी समासात चोर म्हणजे दडलेला, गुप्त. शेतकऱ्याच्या तोंडी चोर बीटी चोरवाटेच्या जातीची आहे. सरकारी कागदात तो शब्द गेला की गुन्ह्याचा होतो. बनावट बियाण्याने नाडलेल्या शेतकऱ्यासाठी मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात, कारण दडलेल्या पाकिटावर वाण कोणता, हे विचारायची सोयच राहत नाही.

गुण न मिसळता दोन झाडं जोडण्याची जुनी रीतही आपल्याकडे आहे: वरुड-मोर्शीकडे संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवतात, दोघे एका खोडात राहतात आणि एकमेकांचा डीएनए घेत नाहीत. कलम हा मूळ अरबी-फारसी शब्द, आणि तोच लेखणीचाही. आता शास्त्रज्ञ क्रिस्पर या तंत्राने डीएनएतली अक्षरं जागच्या जागी बदलतात आणि मराठी त्याला जनुक-संपादन म्हणते, म्हणजे पुन्हा लेखणीचंच काम. या पद्धतीत बाहेरचा जनुक न राहताही बदल साधतो. २०२२ साली केंद्राने अशा काही प्रकारांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये देशाने संपादित भाताचे पहिले दोन वाण जाहीर केले. त्यातला हैदराबादच्या संस्थेचा भात सांबा महसुरीवरून केलेला आहे, आणि त्याच्या नावात तंत्राचं एकही अक्षर नाही. त्याला 'कमला' म्हणतात. कापसात असं काही झालं तर अकोल्याने त्यालाही वाणाचंच नाव द्यावं, बनीसारखं, जरीसारखं, म्हणजे कृषी केंद्रात उभं राहून ते मागता येईल.