अंगठीतला बावीसचा आकडा

लग्नाच्या अंगठीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत '२२के९१६' असं कोरलेलं असतं. चोवीस भागांत बावीस भाग शुद्ध सोनं, म्हणजे हजारात ९१६. बोटाचा विचार करून कुणी हा आकडा काढलेला नाही. तो आधी नाण्यांचा होता.

चोवीसचा हिशेब रोमन. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पाडलेलं सॉलिडस हे नाणं चोवीस सिलिक्वा वजनाचं होतं. सिलिक्वा म्हणजे कॅरोबच्या झाडाची बी. वजनाचं माप पुढे शुद्धतेचं झालं. आपली मापं निराळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोळा वर्णांचं सोनं आहे, अकबराच्या टांकसाळीत बारा बानींचं, आणि सराफाच्या काळ्या कसोटीवर उतरलेलं बावनकशी.

१५२६ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने नाण्यासाठी बावीस कॅरेट सोनं आणलं. कारण साधं होतं: निव्वळ सोनं मऊ, हातोहाती झिजतं. तांबं-चांदी मिसळली की त्यांचे अणू सोन्याच्या थरांना सहज सरकू देत नाहीत आणि धातू कणखर होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५च्या मोहरेतही १८० ग्रेनांत १६५ ग्रेन शुद्ध सोनं, म्हणजे तेच प्रमाण. १९१८मध्ये तर ब्रिटिश सॉव्हरिन खुद्द मुंबईच्या टांकसाळीत पडले, तेही बावीस कॅरेटचे. उलट, ज्या व्हेनिसच्या डुकॅटवरून आपली पुतळी आली, तो जवळजवळ शुद्ध सोन्याचा. पुतळ्यांची माळ सणासुदीला गळ्यात पडते आणि परत डब्यात जाते. तिला मऊपणा परवडतो. अंगठीला नाही.

इंग्लंडने हे लवकर मान्य केलं. तिथे १८५४पासून पंधरा, बारा आणि नऊ कॅरेटच्या दागिन्यांवरही अधिकृत शिक्का मिळू लागला. लगेच १८५५मध्ये खास कायदा करून लग्नाच्या अंगठीवर शिक्का सक्तीचा केला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या नवरानवरींनी नऊ कॅरेटच्या अंगठ्या घालून संसार थाटले.

आपल्याकडे मात्र कमी कॅरेट आलं ते सरकारी हुकमाने. चीनशी युद्ध झालेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची चोरटी आयात जोरात. जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले: चौदा कॅरेटहून शुद्ध दागिना घडवायचा नाही. लोकांची सोन्याची ओढ कमी होईल हा होरा. ओढ तशीच राहिली, सोनारांची भट्टी तेवढी विझली. हजारो कारागीर बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १९६६मध्ये चौदाची अट गेली, पण १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला. तो रद्द झाला १९९०मध्ये, तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते.

माझ्या मते त्या चौदा कॅरेटने एक जुना ग्रह पक्का केला: कमी कॅरेट म्हणजे हलकं सोनं, लादलेलं सोनं. टिकाऊपणाच्या अंगाने त्याकडे कुणी पाहिलंच नाही. आपण दागिन्यात साठवण बघतो, वापर नंतर. पाटल्या-बांगड्यांपुरतं ते ठीक आहे. अंगठी मात्र रोज भांड्यांवर, गाडीच्या हँडलवर, लोकलच्या दांड्यावर घासते.

जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. अठरा आणि चौदा कॅरेटलाही तो मिळतो, आणि २०२५पासून नऊलासुद्धा. त्यामुळे कमी कॅरेट म्हणजे फसवणूक हा धाक उरू नये. अठरा कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं. सोन्याचे पैसेही तेवढ्याचेच द्यायचे आणि मोडीतही तेवढ्याचेच मिळायचे.

तेव्हा खडा नसलेलं जाड वेढणं हवं असेल तर बावीस खुशाल घ्या. वाकलं तर सोनार गोल करून देतो. हिरा बसवायचा असेल तर अठरा घ्या, हाताची कामं जास्त असतील तर चौदासुद्धा चालेल. बावीसच्या मऊ नखांवर हिऱ्याचा भरवसा ठेवू नका. पांढरं सोनं घेताना त्यात निकेल आहे का ते विचारा, काहींच्या कातडीला ते सोसत नाही. आणि पैसे देण्याआधी अंगठीवरचा अक्षर-अंकांचा सहा जागांचा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर स्वतः तपासून घ्या.