सोनगाव

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील, कऱ्हा व नीरा या नद्यांच्या संगमावरचे गाव. पंचक्रोशीत ते सोनेश्वराच्या देवळासाठी परिचित आहे. पुरातत्त्वातील त्याचे महत्त्व देवळाहून कितीतरी जुन्या वस्तीमुळे आहे. शां. भा. देव यांनी १९६५ मध्ये येथे उत्खनन केले आणि जोर्वे संस्कृतीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले.

या संस्कृतीचे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून पडले आहे. चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली लाल भांडी व त्यांवरची काळी भौमितिक नक्षी ही तिची खूण. तोटीचा चंबू आणि पोटाला कंगोरा असलेला वाडगा सापडला की ओळख पटते. इ. स. पू. १४०० च्या सुमारास ही माणसे तापी, गोदावरी-प्रवरा व भीमा खोऱ्यांत पसरली. बहुतेक वस्त्या लहान होत्या, प्रकाशे, दायमाबाद आणि घोड नदीकाठचे इनामगाव (ता. शिरूर) मात्र मोठी होती. त्यावरून म. के. ढवळीकर यांनी असे मांडले, की एकेका खोऱ्यातील लहान गावे मोठ्या गावच्या प्रमुखाला मानत असावीत. सोनगावची भांडी इनामगावच्याच घडणीची आहेत. भांड्यांचे साम्य म्हणजे सत्तेचे नाते नव्हे, तरी कऱ्हाकाठचे हे गाव त्या जगापासून तुटलेले नव्हते एवढे निश्चित.

भीमाकाठच्या प्रमुखांचे एकही नाव उरलेले नाही. त्यांच्याविषयी घरे आणि दफनेच सांगतात. इनामगावला पाच खोल्यांचे एक घर मिळाले, शेजारीच धान्याचे कोठार. पिकातला वाटा प्रमुखाकडे जमा होत असावा, हा तर्क त्यावरूनच निघाला. तेथे पाण्यासाठी काढलेला पाट व बांधही होता, आणि असे काम एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवत. एका दफनात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात प्रौढ पुरुष बसवलेला आढळला, आणि त्याचे पाय शाबूत होते. हा मान साध्या कुणब्याचा नसावा. सबंध दख्खनच्या प्राचीन इतिहासात याहून बोलका पुरावा क्वचितच असेल.

इ. स. पू. १००० च्या सुमारास तापी व गोदावरी खोऱ्यांतील बहुतेक वस्त्या उजाड झाल्या. भीमा खोऱ्यात इनामगाव सुमारे इ. स. पू. ७०० पर्यंत टिकले, पण खालावत. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या; शेती रोडावली, शिकार व गुरे यांवरचा भार वाढला. ढवळीकरांच्या मते पाऊसमान घटणे हे याचे मुख्य कारण. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही ते पटायला जड जाणार नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी येईपर्यंत आभाळाकडे डोळे लावूनच जगत होता. संगमापासून नीरा पूर्वेकडे वाहत जाऊन इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते.