यीस्टच्या अंगावरील वण

दारूच्या पिंपांत आणि पावाच्या कणकेंत राबणारा यीस्ट नांवाचा जीव इतका सूक्ष्म, कीं एका मिलिमीटरच्या लांबींत त्याच्या सुमारें 200 पेशी सहज मावाव्या. गोव्याचे पोदेर माडाची सूर घालून पीठ फुगवीत, तें याच जीवाच्या बळावर. हा जीव वाढतो तो कळी फुटून. आईच्या अंगावर बारीकसा फोड उठतो, तो वाढत जातो, आणि वेळ भरली कीं लेक निराळी होते.

ऐकावयास हें सोपें. परंतु यीस्टची पेशी फुगविलेल्या फुग्यासारखी आंतून ताणलेली असते. भोंवतालच्या भिंतीला जरासें भोंक पडलें तरी ती फुटून मरावयाची. बिऱ्हाडांतील माणसें घरांतच असतां नवी खोली जोडावी, मधें भिंत घालावी, आणि मग ती भिंत उभी चिरून एकाचीं दोन घरें करावीं, तसा हा प्रकार. तो साधतो कसा?

प्रारंभीं या भिंतीकडे कोणी कौतुकानें पाहिलें नाहीं. 1897 सालीं एडुआर्ड बुखनर यांनीं यीस्ट वाळूंत घोटून व दाबून त्याचा रस काढला, आणि जिवंत पेशीवांचूनहि साखरेची दारू होते हें दाखविलें. त्यांच्या दृष्टीनें भिंत ही केवळ एक अडचण. ती फोडावी आणि आंतील द्रव्य घ्यावें.

पुढें भिंतीचें पृथक्करण झालें. तिचा मुख्य भाग ग्लुकान या शर्करामय धाग्यांचा आणि मॅनोज शर्करा जडलेल्या प्रथिनांचा. कायटिन मात्र शेंकडा एक-दोन भाग. हें कायटिन म्हणजे कोळंबीच्या आणि झुरळाच्या कवचांतील द्रव्य. एवढेसें कायटिन कशाला, असें वाटावें. पण तें बहुतेक सारें एकाच ठिकाणीं सांपडलें, लेक सुटून गेल्यावर आईच्या अंगावर राहणाऱ्या वाटोळ्या वणांत. त्या जागीं सहसा पुन्हां कळी येत नाहीं, म्हणून वण मोजले कीं बाळंतपणें कळतात. 1959 सालीं मॉर्टिमर व जॉन्स्टन यांनीं एकेक लेक बाजूला काढून मोजणी केली, तेव्हां एका आईला सरासरीनें सुमारें 24 लेकी होतात असें आढळलें.

या वणाचा छडा लावणारे एन्रीको काबीब 1925 सालीं इटलींतील जेनोआ येथें जन्मले आणि अर्जेंटिनांत शिकले. तेथें लेलुआर यांच्या प्रयोगशाळेंत असतां 1953 सालीं त्यांनीं एक शर्करायुक्त द्रव्य शोधून काढलें. कायटिनची वीट ती हीच, हें पुढें ठरलें. नंतर अमेरिकेंत त्यांनीं वीट रचणारा गवंडी, म्हणजे कायटिन बनविणारें एन्झाइम, हातीं घेतलें. तें पेशींत निद्रिस्त असतें आणि प्रथिनें तोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमच्या स्पर्शानें जागें होतें. यावरून 1971 च्या सुमारास त्यांनीं मांडलें कीं, कळीच्या मानेशीं योग्य क्षणीं हा गवंडी जागविला जातो आणि पडदा बांधतो. उपपत्ति मोठी देखणी होती.

पंधरा वर्षांनीं कसोटीची वेळ आली. 1986 सालीं त्या एन्झाइमचें जनुकच मोडून पाहण्यांत आलें. गवंडी नाहीं तर पडदा नाहीं आणि पडदा नाहीं तर पेशी जगूं नये. पण पेशी जगल्या, आणि वणांत कायटिनहि जागच्या जागीं होतें! हा निकाल प्रसिद्ध करणाऱ्यांत काबीब यांचें स्वतःचें नांव होतें. आपल्याच घरावर कुदळ चालविण्याचें हें धैर्य विज्ञानांतहि नित्याचें नाहीं.

1988 सालीं खरा गवंडी सांपडला. पडदा बांधतें तें दुसरेंच एन्झाइम; परीक्षानळींत त्याचें काम इतकें मंद कीं पहिल्याच्या गडबडींत तें कोणाच्या लक्षांतच आलें नव्हतें. मागाहून तिसरेंहि निघालें. कळी फुटतांना तिच्या मुळाशीं कायटिनचें कडें घालणारें.

मग पहिलें काय करीत होतें? उत्तर आम्ल द्रवांत मिळालें. तें एन्झाइम नसलेल्या पेशी आंबट द्रवांत वाढविल्या कीं कांहीं लेकी जन्मतःच फुटत, आणि फुटलेलीच्या जन्मखुणेच्या मध्यावर एक बारीक भोंक दिसे. कारण असें कीं, वेगळें होतांना लेकीच्या बाजूनें कायटिन विरघळविणारें एन्झाइम सुटतें. तें मधला पडदा कुरतडतें आणि ताटातूट होते. पण कधीं हात जरा जास्त चालतो. अशा वेळीं पहिलें एन्झाइम धांवून येतें आणि भोंक बुजवितें. तो गवंडी घर बांधणारा नव्हता, डागडुजी करणारा होता. 1989 सालीं काबीब यांनीं हें मांडलें. आणि 1992 सालीं कुरतडणाऱ्या एन्झाइमचेंहि जनुक मोडलें, तेव्हां लेकींचें फुटणें बरेंच थांबलें.