पेठ, उपरी आणि वृद्धांची साक्ष : सोनपेठेच्या निमित्तानें

परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ हें गंगाखेड व परळी वैजनाथ यांच्या शेजारचें, आज तालुक्याचें ठिकाण असलेलें गांव होय. जुन्या कागदांच्या शोधांत फिरणारास अशा गांवीं पहिला प्रश्न सुचतो तो दप्तराचा : रुमाल कोणाच्या घरीं आहेत, त्यांत मोडी किती, फारशी किती. प्रस्तुत लेखांत आम्ही निराळाच प्रश्न घेणार आहों. ज्या पेठेंत आयुष्य घालविलें ती पेठ डोळ्यांदेखत पालटली असतां तेथील वृद्ध मनुष्य त्या पेठेचा राहतो, तो कोणत्या नात्यानें? प्रश्न आजचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर आपल्या परिचयाच्या कागदांत व ग्रंथांत आहे, आणि संग्राहकांनीं तें अद्याप पुरतेपणीं मनावर घेतलेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम 'पेठ' या शब्दाचा विचार करूं. कसबा म्हणजे परगण्याचें मुख्य ठिकाण. पेठ म्हणजे उदीमासाठीं वसविलेली वस्ती. पेठ वसवावयाची तर सरकारांतून कौल दिला जाई. वाणी, उदमी व कारागीर यांनीं येऊन घरें बांधावीं, कांहीं वर्षें त्यांस कर माफ असावा, पुढें तो इस्ताव्यानें चढवीत न्यावा, असा त्या कौलांचा सामान्य आशय असे. व्यवस्था शेटे व महाजन पाहात. यावरून उघड होतें कीं, पेठेचा मूळ रहिवासी म्हणून जो मिरवतो त्याचा पूर्वजही एके काळीं बाहेरूनच आलेला होता. गांवगाड्यांत मिरासदार आणि उपरी हा भेद मोठा मानीत. मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास दीर्घकाळ बुडत नसे. कूळ नष्ट झालें तरी त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून त्याच्याच नांवानें ओळखली जाई. पेठेचा पाया मात्र उपऱ्यांनींच घातलेला. तेथें आपलेपण काळानें व वहिवाटीनें मिळवावें लागे.

पेठांचीं नांवेंही स्थिर नसत. पुण्याचेंच पाहावें : शहापूरचें सोमवार झालें, अष्टापुऱ्याचें मंगळवार, मलकापूरचें रविवार, औरंगजेबानें १७०३ सालीं वसविलेल्या मुहियाबादेचें बुधवार झालें, वेताळ पेठेस आज गुरुवार म्हणतात. मलकापुरांत जन्मलेला कोणी घर न सोडतां रविवारांत वारला असेल. कागदावरील ठिकाण पालटलें. विहीर, देऊळ आणि वाट यांची ओळख मात्र त्याच्यापाशींच राहिली.

ही ओळख पुरावा म्हणून कशी चाले तें महजरांत दिसतें. वतनाचा, घरठाण्याचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. महजराचें अक्षर कुळकर्ण्याचें असलें तरी आशय बहुधा वडीलधाऱ्यांच्या तोंडचा असे. खालीं पाटलाची नांगराची व शेट्याची तागडीची निशाणी होई. कित्येक जबान्यांत साक्षीदाराच्या नांवापुढें 'उमर' म्हणून वयाचा आंकडा येतो. छापतांना त्या आंकड्याकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. परंतु जी गोष्ट पाहिली असें साक्षीदार म्हणतो, ती घडली तेव्हां तो जाणता होता कीं नाहीं, हें सभेस त्यावरूनच ताडतां येई. वय तेथें केवळ मानाचें नव्हे, तर प्रमाणाचें अंग होतें. शिवेच्या तंट्यांत महारांची साक्ष विशेष मानीत. ज्यांस वेशीबाहेर राहावयास लावलें त्यांच्याच सांगण्यावर गांवाची शीव ठरे. गांवगाड्याचा अन्याय आणि त्या अन्यायाचा पुरावा असा एकाच कागदांत सांपडतो.

या व्यवहारामागील शास्त्र फार जुनें आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या कारकीर्दींत कल्याणी येथें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. तें कल्याण आज कर्नाटकांतील बिदर जिल्ह्यांत मोडतें. परंतु १९५६ पर्यंत तें व सोनपेठ हीं दोन्ही एकाच हैदराबाद राज्यांत होतीं. शिवेच्या वादांत शेजारी, स्थविर, गुराखी, शिवेलगत नांगरणारे आणि रानांत फिरणारे यांस विचारावें, असें तेथें सांगितलें आहे. त्या प्रकरणांत संग्रहित केलेल्या स्मृतिवचनांतील दोन व्याख्या आमच्या विषयास फार उपयोगी आहेत. 'वृद्ध' कोणास म्हणावें? तर ती गोष्ट घडतांना ज्यानें पाहिली त्यास, मग तो वयानें म्हातारा असो वा नसो. 'मौल' कोणास म्हणावें? तर जो पूर्वीं तेथील शेजारी होता व पुढें देशांतरास गेला त्यास. कारण त्याचें मूळ तेथें आहे. तात्पर्य, वृद्धपण वर्षांनीं येत नाहीं, पाहण्यानें येतें. आणि गांव सोडल्यानें मूळ तुटत नाहीं.

हा निकष सोनपेठेस लावून पाहूं. तेथें १९४८ सालीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज पंचाऐंशी वर्षें ओलांडून गेलें आहे. त्याच्या लहानपणीं सरकारी कागद उर्दूत, सन फसली, आणि घरांतील जुनें दप्तर मोडींत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. उंबरठा न सोडतां या माणसानें चार राजवटी पाहिल्या. जहागिरी १९४९ सालीं गेल्या. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. रझाकारांच्या धामधुमींत मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें सरहद्दीपलीकडे गेलीं व मागून परतलीं. पोलिस कारवाईनंतर पुष्कळ मुसलमान कुटुंबांसही घरें सोडावीं लागलीं. स्मृतीच्या भाषेंत हे सारे मौल होत. त्यांचीं घरें कोठें होतीं, कोण परतलें व कोण परतलें नाहीं, हें सांगूं शकणारे वृद्ध आतां थोडे उरले आहेत.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. आजही या पट्ट्यांतून कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीस बाहेर पडतात; शिकलेलीं मुलें पुण्याकडे व मुंबईकडे जातात; घर राखावयास म्हातारीं माणसें राहतात. शेजारीं नवीं घरें उठतात, नवे भाडेकरी येतात, आणि त्यांस हा म्हातारा कोण हें ठाऊक नसतें. उपऱ्यांनीं वसविलेल्या पेठेंत अखेर सर्वांत जुना रहिवासीच उपरी ठरावा, ही स्थिति विचार करावयास लावणारी आहे. स्त्रियांचें तर याहून विशेष. महजरांत त्यांचीं नांवें क्वचितच येतात. तथापि सून होऊन आलेली व साठ वर्षें एकाच गल्लींत राहिलेली बाई, जन्मानें त्या गांवची नसली तरी, वरील व्याख्येप्रमाणें त्या गल्लीची खरी वृद्ध होय.

कोणी म्हणेल, आतां सर्व कांहीं कागदावर चालतें. साक्षीचें काय प्रयोजन? २०२३ सालीं मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याकरितां महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारांची किती निकड आहे हें सर्वांस कळलें. कागद असून भागत नाहीं. तो वाचणारा हवा, आणि त्यांतील नांव कोणत्या घराचें हें सांगणारा त्याहून अधिक हवा. या बाबतींत दोष आम्हां संग्राहकांकडेही आहे. आम्ही रुमाल उचलतों, पोंच देतों, आणि ज्याच्या हातून तो मिळाला त्या म्हाताऱ्यास कांहींएक न विचारतां गाडी गांठतों. रुमाल संग्रहांत सुरक्षित राहतो, पण त्यांतील 'दक्षिणेस अमक्याचें घर' या चतुःसीमेचा अर्थ लावणारा मागेंच राहून जातो.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. ज्या घरून कागद मिळेल त्या घरच्या व त्या गल्लींतील वृद्ध स्त्री-पुरुषांची जबानी त्याच बैठकींत लिहून घ्यावी. गल्लीचें पूर्वींचें नांव व आजचें नांव, चारी दिशांचे शेजारी, गेलेलीं व आलेलीं कुटुंबें, विहिरी व वाटा, इतकें विचारावें. पाहिलेलें एका रकान्यांत व ऐकिलेलें दुसऱ्या रकान्यांत मांडावें. नांवापुढें उमर लिहावी, आणि जबानी वाचून दाखवून त्यांची सही किंवा निशाणी घ्यावी. गांवाबाहेर गेलेल्या मौलांसही विचारावें. यांत इतिहासाचें काम होईलच; शिवाय ज्यास आपल्याच गल्लींत कोणी ओळखीत नाहीं, त्यास या पेठेचा साक्षीदार म्हणून पुन्हां एकदां बोलाविलें जाईल. सोनपेठेसारख्या गांवांपासून हें काम आरंभावें. रुमाल माळ्यावर आणखी दहा वर्षें टिकेल. साक्षीदाराचा तसा भरंवसा नाहीं.