सशाच्या घरातले पाच बन

बचत गटाची तुमची समन्वयक बोलतेय. आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही सांगणार नाही. आज एका सशाच्या घराची गोष्ट सांगणार आहे, आणि ती गोष्ट लिहिणाऱ्या बाईची.

निमित्त झालं ते गटाच्या बैठकीचं. आमच्या एका ताईंची साडेचार वर्षांची लेक कोपऱ्यात चित्रांचं पुस्तक बघत बसली होती. सिंहाचं कुटुंब, हत्तीचं कुटुंब, माकडाचं कुटुंब. प्रत्येक पानावर आई, बाबा आणि दोन पिल्लं. पोरीने मान वर करून आईला विचारलं, "मग आपण कुटुंब नाही का गं?" तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. सगळ्या बायका गप्प झाल्या. पैसे मोजता मोजता माझाही हात थांबला.

मी बीएला इतिहास घेतला होता. काही अडलं की मागे जाऊन बघायची सवय तेव्हापासूनची. मागे गेले तर काय दिसलं? लहान मुलांच्या चित्रपुस्तकांतलं जगभर गाजलेलं एक प्राण्यांचं कुटुंब आहे १९०२ सालचं. आणि त्या घरात बाबा नाहीत.

पुस्तक इंग्लंडमधलं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बिआट्रिक्स पॉटर. तिचा जन्म १८६६ सालचा, लंडनच्या श्रीमंत घरातला. पण शाळेत पाठवलं नाही, शिक्षण घरीच झालं. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मोठी झाली तरी आईवडिलांच्याच घरात, त्यांच्याच धाकात. ससे, उंदीर पाळायचे आणि त्यांची चित्रं काढायची, हा तिचा नाद.

तिला शिकवायला घरी येणाऱ्या बाईंचं पुढे लग्न झालं, मुलं झाली. त्यातला पाच वर्षांचा नोएल आजारी पडला. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये बिआट्रिक्सने त्याला चित्रांचं पत्र लिहिलं. चार पिल्लांची गोष्ट, त्यातला एक वांड पीटर. पुढे काही वर्षांनी तिच्या त्या जुन्या शिक्षिकेनेच सुचवलं, या पत्रांची पुस्तकं कर. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं. ते परत मागून घेऊन तिने पुस्तक तयार केलं.

ते एकामागून एक प्रकाशकांनी नाकारलं. तिला पुस्तक छोटं हवं होतं, लहान हातात मावेल असं, आणि स्वस्त. तिने हट्ट सोडला नाही. १९०१ च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची! त्या भराभर संपल्या, म्हणून आणखी २०० छापल्या. मग आधी नकार देणारे फ्रेडरिक वॉर्न हे प्रकाशक तयार झाले, चित्रं रंगीत करायची या अटीवर. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तक बाजारात आलं. किंमत एक शिलिंग.

आता त्या घरात डोकावू. झाडाच्या मुळाखाली आई राहते, चार पिल्लांसह. बाहेर जाताना ती पोरांना बजावते, त्या बागेत जाऊ नका. तुमचे वडील तिथेच गेले आणि माळ्याच्या बायकोने त्यांना कणकेत घालून पाय नावाचा पदार्थ केला. आपल्याला ऐकायला कठोर वाटतं. पण बघा, आईने लपवाछपवी केली नाही. बाबा गावाला गेलेत, असं खोटं सांगितलं नाही.

मग आई बाजाराला जाते. पावाची एक लादी घेते आणि मनुकांचे पाच बन. मैत्रिणींनो, हिशेबाची माणसं आपण, मोजा. पिल्लं चार, बन पाच. पुस्तकात काही खुलासा नाही, पण माझ्या मते पाचवा तिचा स्वतःचा. आपल्यातल्या किती जणी स्वतःला मोजून बन आणतात?

ही आई खाते काय, कमावते काय, तेही १९०४ च्या पुढच्या पुस्तकात लिहिलंय. ती विधवा आहे. सशाच्या लोकरीचे हातमोजे विणते, औषधी पाला विकते, रोजमेरीचा चहा विकते. सशांची तंबाखूही विकते, पण घाबरू नका, ती म्हणजे लव्हेंडरची सुवासिक पानंफुलं! आपल्या गटात पापड, मसाले, गोधड्या, तिच्याकडे हे. एकटीच्या कमाईवर घर चाललंय, आणि लिहिणारीने कुठेही कीव केलेली नाही.

बिआट्रिक्सही हिशेबाला पक्की. पीटरची बाहुली तिने स्वतः शिवली आणि १९०३ मध्ये तिची सरकारी नोंदणी करून घेतली. १९०५ मध्ये ज्याच्याशी लग्न ठरलं तो महिनाभरात वारला. त्याच वर्षी तिने पुस्तकांची कमाई आणि नात्यातून वारशाने आलेला पैसा घालून लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात शेत घेतलं, स्वतःच्या नावावर. पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, मेंढ्या पाळल्या, जमीन वाढवली. १९४३ मध्ये ती गेली तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन तिने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली, शेतं आणि डोंगर राखायला.

पुढच्या बैठकीत मी त्या पोरीला मांडीवर घेतलं आणि सशाची गोष्ट माझ्या शब्दांत सांगितली. आणखी एक खरी गोष्ट सांगितली. रानातल्या हत्तींच्या कळपात आजी, आई, मावश्या आणि पिल्लं एकत्र राहतात. मोठे नर वेगळे फिरतात. पुस्तकातलं चित्र काही म्हणो.

मग तिला कागद आणि खडू दिले, म्हटलं, तुझ्या घरातले ससे काढ. तिने तीन काढले. ती, आई आणि आजी. आणि खाली तीन गोल. "हे काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "बन."

आईचाही धरला होता तिने. आता तुम्हीही धरायला शिका.