मायबापांसाठी कोरलेले लेणे

वाचकहो, यवतमाळहून अजिंठ्याला निघालात, तर वाशीमवरून जा. आपल्या जिल्ह्याच्या शेजारचे हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे हरिषेण राजा होता. वराहदेव त्याचा मंत्री. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे याच वराहदेवाने भिक्षूंच्या निवासासाठी कोरवून घेतले.

लेण्याच्या दारी दगडी हत्ती आहेत, आत पाय खाली सोडून बसलेले बुद्ध. चित्रे पाहण्याच्या घाईत बाहेरच्या भिंतीवरचा ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख चुकवू नका. आयुष्य, तारुण्य, धन, सुख काहीच टिकत नाही हे ओळखून मंत्र्याने हे लेणे आईवडिलांसाठी करविले, असे त्यात सांगितले आहे.

येथे आपल्याला पुंडलिक आठवतो. डोंगर कोरायला त्याच्यापाशी धन नव्हते. होते ते दोन हात. त्याने मायबापांची सेवा केली आणि देव विटेवर तिष्ठत राहिला. पंथ वेगळे, ऋण एकच.

लेणे कोरविणे आपल्या आवाक्यातले नाही. पण घरी परतल्यावर आधी म्हाताऱ्या आईवडिलांपाशी घटकाभर बसा. प्रवासाच्या गोष्टी त्यांनाच पहिल्या सांगा. ती वारीच आहे.

रामकृष्णहरी.