पावती नसलेला गेम

काल शहाड स्टेशनवर दोन पोरांचा वाद रंगला होता. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये खरा हिट कोण, निन्टेन्डो डीएस की सोनीचा पीएसपी? आकड्यात डीएसच पुढे, 15 कोटी 40 लाख. त्याआधी 1989 चा गेमबॉय, कलर धरून 11 कोटी 87 लाख. त्याला तारलं टेट्रिसने, म्हणजे मॉस्कोत 1984 साली पाजित्नोव्हने रचलेल्या ठोकळ्यांच्या खेळाने.

पण मंडळी, नव्वदच्या दशकात आपल्यापैकी किती जणांनी गेमबॉय हातात धरला? परदेशी मालाच्या आयातीवरचे बरेच निर्बंध 2001 पर्यंत होते. आपल्याकडे आला तो पेन्सिल सेलवर चालणारा चिनी ब्रिक गेम. वर लिहिलेलं ‘9999 इन 1’, आत खेळ मोजून दहा-बारा! वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून उल्हासनगरच्या बाजारातून आणला. भावंडं तीन, शेजारची पोरं वेगळीच. हरला की पुढच्याच्या हातात.

असे किती विकले गेले? कुणी मोजलेच नाहीत. बिल नाही, म्हणून नोंद नाही. मग ‘भारतात हे चाललंच नाही’ असं बिनधास्त लिहिलं जातं. चाललं हो, फक्त पावतीशिवाय.

तुमच्या माळ्यावर असेल तर फोटो टाका. निदान आपण तरी नोंद ठेवू.